काळें, पांढरें आणि खोटें

मुंबईच्या उपनगरांत सध्यां घरें पाडून पुन्हां घरें बांधण्याचा हंगाम चालू आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोणत्याहि स्टेशनाबाहेर पडून दहा मिनिटें चालावें, म्हणजे पत्र्यांनीं वेढलेली एखादी तरी इमारत दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहीं. एकाच घरांत चाळीस-पन्नास वर्षें काढलेलें कुटुंब जेव्हां कांहीं काळ भाड्याच्या जागेंत जावयास निघतें, तेव्हां माळ्यावरच्या ट्रंका खालीं उतरतात आणि त्यांच्या तळाशीं जुनीं कृष्णधवल छायाचित्रें सांपडतात. पुठ्ठ्यावर चिकटविलेले पगडीवाले पणजोबा, लग्नानंतर स्टुडिओंत जाऊन जोडीनें काढून घेतलेला आजी-आजोबांचा फोटो, कोंकणांतल्या घराच्या ओटीवर दाटीनें बसलेलीं दहा-बारा माणसें, असा तो ऐवज असतो. हीं चित्रें मग जवळच्या एखाद्या दुकानांत जातात. तेथें झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो आणि लग्नपत्रिका यांच्या जोडीला जुने फोटो नवे करून देण्याचेंहि काम चालतें. दुकानदार चित्र स्कॅन करतो, संगणकाच्या पडद्यावर दोन-चार स्लायडर इकडचे तिकडे सरकवितो, आणि थोड्याच वेळांत नवी कोरी प्रत गिऱ्हाइकाच्या हातीं ठेवतो. घरची मंडळी ती पाहून समाधानानें म्हणतात, "अगदीं काल काढल्यासारखा दिसतो !"

आमची तक्रार नेमकी या समाधानाविषयीं आहे. तें चित्र काल काढलेलें नव्हतें, आणि त्यांतील माणसें आज दिसतात तशीं कधींहि नव्हतीं, ही गोष्ट त्या अर्ध्या तासांत पुसली गेली. आणि जें पुसलें गेलें तें धूळ किंवा डाग नव्हे, तर माणसाची कांति, घरांतला अंधार आणि त्या दिवसाचें ऊन. कृष्णधवल छायाचित्रांतील छटा बदलणें हें केवळ कारागिरीचें काम आहे, त्यांत खऱ्याखोट्याचा प्रश्न येतोच कोठें, असा समज हल्ली सुशिक्षितांतहि दृढ झालेला आहे. हा समज चुकीचा असून अपायकारकहि आहे, असें आम्हांस निश्चयपूर्वक वाटतें.

प्रथम ही क्रिया काय आहे तें नीट समजून घेऊं. संगणकाच्या दृष्टीनें कृष्णधवल चित्र म्हणजे बारीक चौकटींची एक विस्तीर्ण जाळी होय. प्रत्येक चौकटींत एक आंकडा असतो. नेहमींच्या आठ बिटांच्या चित्रांत हा आंकडा ० पासून २५५ पर्यंत असूं शकतो. ० म्हणजे निखळ काळें, २५५ म्हणजे निखळ पांढरें, आणि मधल्या २५४ पायऱ्या करड्या रंगाच्या. सोळा बिटांच्या चित्रांत याच पायऱ्या ६५,५३६ होतात. कोणत्या पायरीवर किती चौकटी उभ्या आहेत हें दाखविणाऱ्या आलेखास हिस्टोग्राम म्हणतात. 'लेव्हल्स' नांवाचें साधन या आलेखाचीं दोन टोकें ओढून ताणतें. 'कर्व्ह्ज' नांवाचें साधन मधल्या पायऱ्या हव्या तेथें वर उचलतें किंवा खालीं दाबतें. मूळ रंगीत चित्राचें कृष्णधवल करावयाचें असल्यास लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येक रंगास किती उजळ करड्या छटेंत बसवावयाचें, हेंहि ठरवितां येतें. सगळी विद्या एवढीच आहे. ज्या फोटोशॉपच्या नांवाचें आतां क्रियापद झालें आहे, त्याचा उगमहि करड्या छटेंतूनच झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९८७ सालीं टॉमस नोल या अमेरिकन विद्यार्थ्यानें, केवळ काळें आणि पांढरेंच दाखवूं शकणाऱ्या आपल्या संगणकाच्या पडद्यावर करड्या छटांचा भास कसा निर्माण करावा, या खटपटींतून एक छोटी आज्ञावली लिहिली. तिचाच विस्तार होऊन १९९० सालीं फोटोशॉप बाजारांत आलें.

कोणी म्हणेल, कीं या सर्व साधनांस हात लावणें हीच लबाडी होय. कॅमेऱ्यानें जें टिपलें तेंच खरें. हा पक्ष दिसावयास सात्त्विक आहे, पण तो इतिहासास धरून नाहीं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ सालीं; डॉ. भाऊ दाजी हे तिच्या सभासदांपैकीं एक होते, आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रकार होते. त्याच मुंबईंत विल्यम जॉन्सन यानें शहरांतील जातीजमातींचीं चित्रें दोन खंडांत १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांतील अनेक चित्रांत माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, अशी जोडाजोड केलेली आहे. म्हणजे या शहरांत छायाचित्र आणि छायाचित्राची फिरवाफिरव यांचें वय जवळजवळ सारखेंच आहे. पुढें स्टुडिओंतले कारागीर निगेटिव्हच्या कांचेवर शिसपेन्सिलीनें हलकीं रेघोट्या मारून गालांवरचे खळगे बुजवीत, तेंहि सर्वश्रुत आहे. अंधाऱ्या खोलींत कागदावर चित्र उतरवितांना एका भागावर हात धरून तो उजळ ठेवणें, दुसऱ्यास अधिक प्रकाश देऊन तो गडद करणें, हा तर त्या कलेचा नित्यपाठच होता. अन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारानें निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरलेखाची आणि प्रतीला त्याच्या गायन-वादनाची उपमा दिली होती. ती आम्हांस मान्य आहे. अखेर कॅमेराहि कांहीं निर्विकार साक्षीदार नव्हे. कोणती पट्टी वापरली, किती वेळ प्रकाश दिला, यावर त्याचें म्हणणें बदलतें. म्हणून छटा बदलूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. विटून पिवळ्या पडलेल्या, फिकट झालेल्या चित्रास त्याचा मूळचा काळा आणि मूळचा पांढरा परत मिळवून देणें हें तर पुण्यकर्म आहे.

आमचें म्हणणें इतकेंच, कीं प्रत्येक छटा हें एक विधान आहे आणि विधानास आधार लागतो. चेहरा ११० वर ठेवावा कीं १७० वर, या प्रश्नाचें उत्तर त्या चेहऱ्यांत, त्या दिवसाच्या प्रकाशांत आणि ज्या साधनानें तो टिपला त्याच्या स्वभावांत शोधलें पाहिजे. तें उत्तर जर बाजारांतल्या सौंदर्यकल्पनेंत शोधलें, किंवा शोधण्याचे श्रमच नकोत म्हणून 'ऑटो' या बटणावर सोंपविलें, तर तें विधान खोटें ठरतें. मग चित्र कितीहि सुरेख दिसो.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्या घरांतल्याच स्त्रियांच्या कपाळावर आहे. जुन्या फोटोंत आजीचें कुंकूं काळेंकुळकुळीत दिसतें, हें वाचकांनीं पाहिलें असेल. त्याचें कारण असें, कीं त्या काळच्या कांचांस व फिल्मांस लाल रंग दिसतच नसे. आरंभींच्या पट्ट्या केवळ निळ्या प्रकाशास जागत. पुढें हिरव्यासहि जागणाऱ्या निघाल्या. सर्व रंगांस जागणारी फिल्म सर्वत्र रूढ व्हावयास विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला. कुंकवाचा लाल रंग अशा फिल्मला अंधारासारखाच. आतां आजच्या काळांत या. लग्नाचें रंगीत चित्र संगणकावर कृष्णधवल करतांना सर्वसाधारण रूढ वांटणी अशी असते, कीं शेंकडा सुमारें ५९ भाग हिरव्यास, ३० लालास आणि ११ निळ्यास. या वांटणीनें निखळ लाल रंग २५५ पैकीं सुमारें ७६ वर येतो, म्हणजे बराच गडद. कुंकूं कपाळावर स्पष्ट दिसतें. परंतु आपल्या त्वचेंतहि लाल अंश मोठा असतो. म्हणून चेहरा उजळ आणि नितळ दिसावा या हेतूनें लालाचा स्लायडर वर चढविण्याची युक्ति या विषयाच्या धड्यांतून सर्रास सांगितली जाते. ती केली, कीं चेहरा खरोखरच उजळतो, मुरमें-वांग नाहींसे होतात, आणि त्यांच्याबरोबर कुंकूंहि नाहींसें होतें ! कुंकूं व त्वचा या दोघांचा लाल अंश जवळजवळ सारखा, म्हणून दोन्ही एकाच करड्या छटेंत विरघळून जातात. ज्या समाजानें उघड्या कपाळाचा एकच क्रूर अर्थ शतकानुशतकें लाविला, त्या समाजांतील नवविवाहितेच्या चित्रांत गोरेपणाच्या हौसेपायीं तिचें कपाळ पुसलें जावें, याहून मोठा विपर्यास कोणता ? तो अर्थ आम्ही मानीत नाहीं, आणि आजच्या मुलींनीं कुंकूं लावावें कीं न लावावें हा सर्वस्वी त्यांचा प्रश्न आहे. पण जिनें तें त्या दिवशीं लावलें होतें, तिच्या कपाळावरून तें काढून टाकण्याचा अधिकार स्लायडर सरकविणाऱ्यास कोणीं दिला?

येथें एक चतुर आक्षेप संभवतो, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. जुन्या फिल्मला लाल-तांबूस रंग दिसत नसे, तर आपल्या गव्हाळ आणि सांवळ्या लोकांचे चेहरे त्या फोटोंत प्रत्यक्षाहून अधिक काळे उतरले असणार; मग ते आज उजळविणें ही दुरुस्तीच नव्हे काय ? आक्षेपांतील पूर्वार्ध बरोबर आहे. पण त्यावरून निघणारें कर्तव्य निराळें आहे. फिल्मच्या दोषाची दुरुस्ती करावयाची, तर तो दोष केवळ चेहऱ्यापुरता नव्हता. लाल शालू, हळद, मातीची भिंत, तांब्याचा हंडा, सर्वच वस्तु त्या फिल्मनें काळवंडविल्या. आणि निळें आकाश व निळें लुगडें हीं पांढरीं करून टाकलीं. या सर्वांचा विचार करून कोणी अभ्यासपूर्वक, थोडक्या प्रमाणांत चेहरे वर उचलील, तर त्यास आम्ही नमस्कार करूं. परंतु दुकानांत घडतें तें हें नव्हे. तेथें चेहरा तेवढा निवडतात आणि तेवढाच उजळवितात. हात मात्र जसेच्या तसे राहतात. भिंतीवर टांगलेल्या अशा कित्येक चित्रांत एकाच माणसाचा चेहरा एका वंशाचा आणि हात दुसऱ्या वंशाचे दिसतात, तें याच कारणानें. ही फिल्मच्या दोषाची दुरुस्ती नसून आपल्या मनांतल्या दोषाची स्थापना आहे.

हा दोष केवळ दुकानदाराचा नव्हे. ज्या इंग्रजी पुस्तकांतून ही विद्या आपणांकडे आली, त्यांतच त्याचें बीज आहे. अ‍ॅडम्सनें १९४० च्या सुमारास छटांची जी पायरीवार पद्धति बसविली, तींत पांचवी पायरी म्हणजे मध्यम करडी. आणि सरासरी गोऱ्या त्वचेस स्थान दिलें आहे सहाव्या पायरीवर. एका पायरीचा फरक म्हणजे प्रकाशाची दुप्पट होय. अ‍ॅडम्सनें सांवळ्या त्वचेचें स्थान पांचव्या पायरीवर स्वच्छ सांगून ठेविलें आहे. त्यास दोष देतां येणार नाहीं. पण 'चेहरा सहाव्या पायरीवर ठेवावा' एवढेंच वाक्य पाठ करून आलेला आपला विद्यार्थी कोंकणांतल्या शेतकऱ्याचा चेहराहि सहाव्या पायरीवर चढवितो, म्हणजे त्याच्या अंगावर दुप्पट ऊन ओततो. आम्ही इंग्रजी ग्रंथांवरच वाढलेलों असल्यामुळें त्यांची निंदा आमच्या तोंडीं शोभणार नाहीं. परंतु ग्रंथांतील उदाहरण आणि ग्रंथांतील सिद्धान्त यांतील भेद ओळखण्याची शक्ति ज्यास आली नाहीं, तो ग्रंथ वाचूनहि अशिक्षितच राहिला असें म्हणणें भाग आहे.

आणि स्वदेशींतहि या रोगास खतपाणी कमी मिळालें नाहीं. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना १८९९ सालीं मळवलीस गेला, त्यापूर्वीं तो कांहीं काळ आमच्या याच घाटकोपरांत होता. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यांत गेल्या, आणि त्यांच्या बरोबर दिव्य चेहरा म्हणजे उजळ चेहरा हा संकेतहि गेला. १९७५ सालीं बाजारांत आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमानें तोच संकेत ट्यूबमध्यें भरून विकला. त्या मलमाच्या उत्पादकांची कचेरी आज अंधेरींत आहे. त्यांनीं लोकमताचा रोख पाहून २०२० सालीं नांवांतील 'फेअर' हा शब्द गाळला. शब्द गेला, तरी संकेत गेला नाहीं. तो मलमाच्या ट्यूबमधून निघून मोबाइलच्या पडद्यांत शिरला, एवढेंच. मलम निदान जिवंत माणसाच्या संमतीनें त्याच्या स्वतःच्या तोंडास लावीत. स्लायडर मृतांच्या तोंडास लावतात, आणि त्यांस नको म्हणण्याची सोय नाहीं.

घरची ही हौस एका बाजूस. दुसऱ्या बाजूस जें चाललें आहे तें पाहिलें म्हणजे प्रश्नाचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. आमच्या महाविद्यालयांतील आणि इतरत्रच्या हौशी मंडळांचीं कृष्णधवल चित्रांचीं प्रदर्शनें आम्ही आवडीनें पाहत असतों. त्यांतील बरीच चित्रें वेसावे कोळीवाड्यांतलीं असतात, कांहीं नाक्यावर उभ्या असलेल्या मजुरांचीं, कांहीं पदपथावर निजलेल्यांचीं. या चित्रांत स्लायडर नेमका उलट दिशेस फिरलेला असतो. कॉन्ट्रास्ट टोंकाला नेलेला, सुरकुती आणि सुरकुती कोळशानें कोरल्यासारखी, आकाश भर दुपारीं प्रलयकाळासारखें काळें. मासळी विकणारी, हसतमुख, हिशेबांत कोणास हार न जाणारी कोळीण तेथें एखाद्या शोकान्त नाटकांतली म्हातारी बनून जाते. परीक्षक यास 'परिणामकारक' म्हणतात. आम्ही यास दुटप्पीपणा म्हणतों. तोच तरुण, तोच संगणक, तीच आज्ञावली. स्वतःच्या आजीचा चेहरा आला कीं हात उजवीकडे सरकतो, आणि परक्या गरिबाचा आला कीं डावीकडे! आपलीं माणसें होतीं त्याहून गोरीं, आणि परकीं होतीं त्याहून काळीं, असें जर दोन्ही चित्रांतून निष्पन्न होत असेल, तर हा प्रश्न रुचीचा उरत नाहीं; तो माणसांची प्रतवारी लावण्याचा होतो.

केवळ छटा बदलून केवढा अनर्थ होतो, याचा दाखला अमेरिकेंत १९९४ सालीं घडला. ओ. जे. सिम्प्सन या सुप्रसिद्ध कृष्णवर्णीय खेळाडूस खुनाच्या आरोपावरून पकडलें, तेव्हां पोलिसांनीं काढलेलें त्याचें एकच छायाचित्र 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन साप्ताहिकांनीं एकाच आठवड्यांत मुखपृष्ठावर छापलें. न्यूजवीकनें तें जसेंच्या तसें छापलें. टाइमनें चेहरा गडद करून, कडा धूसर करून छापलें. दोन्ही अंक दुकानांत शेजारीं शेजारीं मांडले गेले, तेव्हां लोकांस दिसलें कीं एकांत आरोपी आहे आणि दुसऱ्यांत गुन्हेगार. खटला अजून उभाहि राहिला नव्हता. एक रेघ वाढविली नव्हती, एक वस्तु काढली नव्हती. केवळ छटा खालीं ओढली होती. मोठा गदारोळ झाला आणि साप्ताहिकास खुलासा करणें भाग पडलें. 'छटाच तर बदलली, बाकी कांहीं नाहीं', असें म्हणणाऱ्यांनीं ते दोन अंक डोळ्यांसमोर आणावे.

आतां 'ऑटो' या बटणाविषयीं. पुष्कळजण निरागसपणें सांगतात, कीं आम्हीं स्वतः कांहींच केलें नाहीं, सॉफ्टवेअरनें आपण होऊन केलें. या निरागसतेची फोड केली पाहिजे. हें बटण सामान्यतः काय करतें ? चित्रांतील सर्वांत गडद चौकटींस काळ्यावर नेतें, सर्वांत उजळ चौकटींस पांढऱ्यावर नेतें, आणि मधलें सगळें ताणतें. प्रत्येक चित्रांत निखळ काळें आणि निखळ पांढरें असलेंच पाहिजे, हा त्याचा सिद्धान्त. पण जगांतील प्रत्येक प्रसंग तसा नसतो. आषाढांतली मुलुंडची सकाळ घ्या. येऊरचे डोंगर ढगांत बुडालेले, सारें करडें, कोठेंहि निखळ काळें नाहीं कीं पांढरें नाहीं. बटण दाबतांच ती वैशाखांतली दुपार होते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतील कान्हेरीच्या लेण्यांत जा. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यांत शिरल्यावर डोळे क्षणभर आंधळे होतात, आणि मग काळ्या पाषाणांतून खांब व स्तूप सावकाश वर येतात. तो अंधार हा त्या वास्तूचा दोष नव्हे. ज्यांनीं ती कोरली त्यांनीं तो तिच्या रचनेंतच धरला होता. सॉफ्टवेअरनें 'छाया उचलल्या', कीं बेसॉल्टचा चुनखडक होतो आणि चैत्याचें सभागृह होतें. यंत्रास आषाढ माहीत नाहीं, पाषाण माहीत नाहीं, आजी माहीत नाहीं. ज्यास माहीत आहे त्यानें न पाहतां बटण दाबलें, तर दोष यंत्राचा कसा ? अलीकडे तर कृत्रिम बुद्धीचीं साधनें अस्पष्ट चेहऱ्यांत परक्या चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे-ओंठ भरून देऊं लागलीं आहेत. त्यास छटा सुधारणें म्हणतच नाहींत. ती सरळ सरळ दुसऱ्या माणसाची स्थापना आहे, आणि तिच्याविषयीं वेगळें लिहावें लागेल.

'ही कला आहे, तुम्ही तिला साक्षीच्या पिंजऱ्यांत कां उभी करतां ?' असेंहि आम्हांस विचारण्यांत येईल. कलेचा मान आम्हांसहि कळतो. आणि कृष्णधवलाची थोर कला कोठें झाली हें सांगावयास या उपनगरांच्या बाहेर फारसें जावें लागत नाहीं. १९३४ सालीं मालाडास बॉम्बे टॉकीज उभी राहिली. तेथें जोसेफ विर्शिंग या जर्मन छायालेखकानें 'अछूत कन्या'सारख्या चित्रपटांत करड्या छटांचें जें वैभव निर्माण केलें, त्यास तोड नाहीं. त्यानें काढलेलीं स्थिरचित्रें त्याच्या वंशजांनीं जपलीं, म्हणून २०१७ सालीं गोव्यांत त्यांचें प्रदर्शन भरूं शकलें. १९५९ च्या 'कागज के फूल'मध्यें व्ही. के. मूर्ति यांनीं वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओंत, बाहेरचें ऊन आरशांनीं आंत वळवून, अंधारांत उतरणारा तो प्रकाशाचा झोत उभा केला. या दोघांच्या कामांतून दोन गोष्टी शिकावयाच्या आहेत. एक, त्यांच्या छटा प्रकाशांतून जन्मल्या. दिवा, आरसा आणि पडदा हातीं घेऊन, समोरच्या वस्तूशीं झगडून त्यांनीं त्या मिळविल्या. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, कीं नाटक आहे असें सांगून त्यांनीं नाटक दाखविलें. देविकाराणीचा तेजाळ चेहरा ही खेड्यांतल्या खऱ्या अस्पृश्य मुलीची साक्ष आहे, असें त्यांनीं कोणास सांगितलें नव्हतें. भिंतीवरच्या आजीच्या चित्राखालीं मात्र आपण तिचें नांव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा लिहितों. ज्या चित्राखालीं खरें नांव लिहावयाचें, त्या चित्रानें खरें बोललें पाहिजे. आणि बोलावयाचें नसेल, तर खालीं 'काल्पनिक' असें लिहिण्याचें धैर्य दाखवावें.

राहतां राहिला शेवटचा आक्षेप, आणि तोच सर्वांत प्रबळ आहे: फोटो घरचा, भिंत घरची, बाहेरच्यांनीं कां बोलावें ? शिवाय आजीस स्वतःसहि गोरें दिसण्याची हौस असेलच. असेल, आणि ती हयात असतां तिनें स्वतः तसें सांगितलें असेल, तर तो तिचा अधिकार. परंतु घरचा फोटो घरांतल्या कोणासाठीं असतो ? जे तिला ओळखत होते त्यांस फोटोची गरज थोडी. त्यांच्या डोळ्यांसमोर ती आहेच. तो असतो तो जिनें तिला कधीं पाहिलें नाहीं त्या पणतीसाठीं. ही पणती कदाचित् सांवळी असेल, कारण सांवळेपणा त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता. ती दिवाणखान्यांत उभी राहून भिंतीकडे पाहील, तेव्हां तिला तेथें एकजात गोऱ्या पूर्वजांची रांग दिसेल, आणि आपणच तेवढ्या या घरांत निराळ्या कशा, असा प्रश्न तिच्या मनांत उभा राहील. शाळेंत, लग्नाच्या जाहिरातींत, शेजारपाजारच्या बोलण्यांत तिला जें ऐकावें लागतें, त्यावर तिच्या स्वतःच्या घरानें शिक्कामोर्तब करावें काय ? तिच्यासारखाच चेहरा असलेली, ताठ बसलेली, कॅमेऱ्याकडे निर्भयपणें पाहणारी पणजी त्या ट्रंकेंत होती. तिचा आधार या मुलीस मिळावयाचा होता. तो तुम्हीं अर्ध्या तासांत आणि थोड्याशा पैशांत काढून घेतलात. ही हानि खाजगी खरी, पण तिच्याविषयीं बोलावयाचें नाहीं हें आम्हांस मान्य नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं अशा ट्रंका उतरत आहेत त्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे. मूळ कागद कितीहि जीर्ण असला तरी टाकूं नका. नवी प्रत ही त्याची जागा घेऊं शकत नाहीं. स्कॅन करवून घेतांना सोळा बिटांची, कोणताहि फेरफार न केलेली एक फाइल मागून घ्या आणि ती वेगळी जपून ठेवा. सुधारणा करावयाची ती तिच्या नकलेवर. चेहरा तेवढा निवडून उजळवूं देऊं नका. जें करावयाचें तें सबंध चित्रास करा, आणि हात, मान व चेहरा यांचा मेळ राहतो कीं नाहीं तें पाहा. नवें रंगीत चित्र कृष्णधवल करतांना प्रथम कपाळावरचें कुंकूं आणि काळ्या मण्यांची पोत शोधा. तीं जेथें हरवलीं तेथें कांहींतरी खोटें झालें आहे असें समजा. घरांत त्या व्यक्तीस पाहिलेलें एखादें वृद्ध माणूस असेल, तर त्यास पडद्यासमोर बसवा. त्याची आठवण ही कोणत्याहि हिस्टोग्रामहून अधिक विश्वसनीय आहे. आणि चित्राच्या पाठीवर, आम्हीं यांत काय बदललें, तें दोन ओळींत लिहून ठेवा.

दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून स्लायडर सरकवितो. 'थोडा उजळ करूं का ?' असें तो सवयीनें विचारतो. या प्रश्नास आजवर आपण सवयीनेंच होकार दिला. सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांनीं आतां त्यास उलट विचारावें, "त्या उजळ होत्या काय ?" उत्तर नकारार्थी असेल, तर हात जेथें आहे तेथेंच थांबला पाहिजे.